नानासाहेब ट्रॉयकर

आमच्या आईच्या हाताला चव होती, हे मी हल्ली कुणाला सांगत नाही. सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा मऊ होतो, आणि पुढं मी जे सांगणार असते ते त्या मऊपणात बुडून जातं. पण अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्या दिवसांबद्दल लिहायचं तर आईच्या स्वयंपाकघराशिवाय सुरुवातच होत नाही. जे झालं ते तिथंच झालं. बाबा नागपूरचे, आई कोल्हापूरची, आणि घर मिशिगनमधलं, लाकडी भिंतींचं. फोडणी पडली की छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागायचा आणि मी टॉवेल घेऊन त्याच्याखाली धावायचे. लहानपणी माझं घरातलं मुख्य काम तेच होतं. हिवाळ्यात खिडक्या उघडता यायच्या नाहीत, त्यामुळे तांबड्या रश्श्याचा वास आमच्या कोटांना, दप्तरांना, केसांना चिकटून शाळेत यायचा. संध्याकाळी गॅरेजचं दार घरघरलं की बाबा आले. ते एका मोटार कंपनीत ब्रेकचं डिझाइन करायचे. आल्यावर सोफ्यावर बसून बूट काढायचे आणि म्हणायचे, ‘वैजू, पाणी आण बरं बाप्पा.’ त्यापुढं ते रात्रीपर्यंत फारसं काही बोलायचे नाहीत.

आई मात्र बोलायची, आणि कसं बोलायचं याचा तिला धाक होता. कोल्हापुरात बाया ‘मी जातो, मी येतो’ असं सर्रास म्हणतात. आईही तसंच म्हणत अमेरिकेत आली. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या पुण्या-मुंबईच्या बायका पहिल्याच हळदीकुंकवाला तिला हसल्या. कुणीतरी विचारलं, ‘अगंबाई, तुम्ही काय पुरुष आहात का?’ आईनं घरी येऊन स्वतःला ‘जाते, येते’ शिकवलं, भांडी घासताना पुटपुटत. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन, पण ते पुटपुटणं मला आठवतं. नंतर तिची भाषा अगदी स्वच्छ झाली. फक्त फार राग आला की कोल्हापूर वर यायचं.

तिच्या रागाचं मूळ कुठं होतं ते मला आता समजतं, आणि समजूनही माझा स्वतःचा राग तसूभर कमी होत नाही. ती कोल्हापुरात हायस्कूलला गणित शिकवायची. इथं बाबांच्या व्हिसावर आली आणि त्या व्हिसावर बायकोला काम करायची मुभा नव्हती. वर्षानुवर्षं ती शेजारच्यांच्या मुलांना फुकट गणित शिकवत राहिली, कारण पैसे घेतले तर बेकायदेशीर. बाबांच्या कंपनीत माणसं कमी करायची बातमी आली की आमच्या बेसमेंटमध्ये खोकी उभी राहायची. आई हिवाळ्याचे कपडे, कुकर, माझी पुस्तकं त्यांत भरून ठेवायची, बातमी विरली की परत काढायची. रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली की ती माझा हात घट्ट धरायची, आम्ही काहीही केलेलं नसताना. एकदा तिनं मला सांगितलं होतं, ‘आपण या देशात एका नोकरीच्या दोरीवर लोंबकळतोय, वैजू. दोरी कापायला कुणाला कात्रीसुद्धा लागत नाही.’ हे वाक्य तिचं स्वतःचं आहे. मी ते विसरले नाही. तीही विसरली नव्हती.

ग्रीन कार्ड आलं, खोकी गेली, आई एका बँकेत लागली. मी जवळच्याच कॉलेजात कंप्युटर सायन्सला गेले, घरी राहून. तिथं हातात एक मोकळा तास होता म्हणून व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स घेतला. तो शिकवायला शेरीस होती.

शेरीस त्रिनिदादची. तिशी ओलांडलेली, उंच, सावळी, डोक्यावर अगदी बारीक कापलेले केस आणि बोटांत कायम केबल चिकटवायच्या टेपचा रोल. ती समलिंगी आहे हे तिनं पहिल्या आठवड्यात असं सांगितलं जसं कुणी आपलं गाव सांगावं. कॉलेजच्या नोकरीवर तिचा व्हिसा होता, आणि मोकळ्या वेळात ती डेट्रॉइटमधल्या ड्रॅग कलाकारांवर माहितीपट करत होती. ड्रॅग म्हणजे पुरुषांनी बाईचा आणि बायांनी पुरुषाचा साज चढवून केलेला मंचावरचा खेळ. पण शेरीसला मंचात कमी रस होता. ती लोकांना चेहरा धुताना शूट करायची. अर्धी मिशी निघाली, अर्धी पापणी अजून चिकटलेली, अशा वेळी विचारायची, ‘आता तू कोण आहेस?’ दिवसा कारखान्यात दारं जोडणारा, रात्री राणी होणारा एक धिप्पाड माणूस त्यावर आरशाकडे बघत बराच वेळ गप्प बसला होता. शेरीसनं ते सगळं गप्प बसणं फिल्ममध्ये ठेवलं.

मी एकदा तिला विचारलं, हाच विषय का. ती इंग्रजीतच बोलायची, तिचे स्वर वर-खाली झोके घेत जायचे, इथं मी ते मराठीत लिहिते आहे.

‘माझे आजोबा दर कार्निव्हलला फ्रॉक घालायचे,’ ती म्हणाली. ‘पुढून-मागून उशा बांधायचे, गोऱ्या जमीनदारणीची नक्कल करत गल्लीभर नाचायचे. सगळं गाव हसायचं, टाळ्या द्यायचं. मी केस कापून घरी आले आणि सोबत एक मुलगी आणली, तर त्याच आजोबांनी मला दारातून आत घेतलं नाही. वर्षातून एक दिवस चालतं, वैजू. रोज जगायचं म्हटलं की चालत नाही. मला त्या उरलेल्या दिवसांची फिल्म करायची आहे.’

मला ते ठाऊक होतं. मी आठ वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीत मला पेशवा केलं होतं. माझा आवाज मोठा म्हणून. काजळाची मिशी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार. आईनंच ती मिशी काढली होती, जीभ दातांत धरून, आणि अख्ख्या हॉलनं माझे गालगुच्चे घेतले होते. त्या दिवशी मी मंचावर ‘मी आलो’ म्हणाले आणि मला वाटलं होतं की हे बरोबर आहे, हे माझं आहे. कुणाला सांगायचं? मराठीत पहिल्याच क्रियापदाला पकडले जातो आपण. इंग्रजीत ‘मी आले’ आणि ‘मी आलो’ एकच. शाळेत मला सुटल्यासारखं वाटायचं ते त्यामुळे. घरी दार उघडलं की भाषा विचारायची, आले की आलो? मी शेरीसला हे समजावलं तेव्हा तिनं कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाली, ‘प्रत्येक वाक्याला विचारते तुमची भाषा?’ म्हटलं, प्रत्येक. मी आयुष्यभर ‘आले’ म्हणत आले आहे, हे प्रकरणही तसंच लिहिते आहे. पण दुसरं क्रियापदही माझंच आहे, आणि त्याबद्दल मी कुणाची परवानगी घेत नाही.

तिनं ते आमच्या घरी शूट करायचं ठरवलं. आईला मी सांगितलं की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बाई येताहेत, परदेशातल्या भारतीय घरांवर. आईला ‘शेरीस’ हे नाव बोलता येईना. पहिल्याच दिवशी तिचं ‘शिरीष’ झालं. बाबा वर्तमानपत्रामागून हसले. शेरीसनं हसण्याचं कारण विचारलं, मी सांगितलं की हे आमच्यात पुरुषाचं नाव असतं, तर ती म्हणाली मग तर हेच चालू दे. आणि तिची एक आजी भारतीय वंशाची निघाली, जिला ती ‘आजी’च म्हणायची. तोच शब्द, तोच उच्चार. आईनं तो ऐकला आणि हातातला झारा तसाच धरून उभी राहिली. त्या दिवशी पुरणपोळी होती. शेरीसनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, ‘ही आमची डालपुरी आहे, कुणीतरी हिच्यात गूळ घातलाय.’ आई एवढी हसली की तिला बसावं लागलं. त्यानंतर शेरीस यायची असली की आई विचारायची, ‘शिरीष जेवून जाणार ना?’ आणि जाताना डबा द्यायची. बर्फ पडत असेल तर गाडीपर्यंत छत्री घेऊन जायची. हे मी मुद्दाम लिहिते. आईनं कुणा अनोळखी बाईचं वाटोळं केलं नाही. जिला ताटावर बसवून वाढलं तिचं केलं.

नानासाहेब ट्रॉयकर त्याच सुमाराला जन्माला आले. डेट्रॉइटमधल्या एका बारमध्ये रविवारी दुपारी नवशिक्यांना मंच द्यायचे. शेरीसच्या फिल्ममधल्या मंडळींनी मला ढकललं. मी विचार केला, पुरुष व्हायचं तर कुठला? चामड्याचं जॅकेट घातलेला, सिगारेट ओढणारा मला येत नव्हता. मला येत होता तो मंडळातला काका. पोटाला उशी, वर अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, कमरेला मोबाइलची कातडी पिशवी, फॉर्मल पँटखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, आणि पिकायला लागलेली जाड मिशी. माइकवर बोटानं टकटक करून नानासाहेब म्हणायचे, ‘मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे,’ आणि मग सुटायचेच. पार्किंग कुठं मिळालं, इथं येताना हायवे कुठला घेतला, थाळ्या किती कमी पडल्या, आमच्या वेळी कसे फक्त आठ डॉलर खिशात होते. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. त्या बारमध्ये एकालाही मराठी येत नव्हतं आणि लोक टेबलं बडवून हसायचे, कारण असा एक काका प्रत्येकाच्या घरात असतो. शेवटी नानासाहेब भाषण विसरायचे. समोरच्या एखाद्या उंच राणीकडे बघत राहायचे. मग घसा खाकरून, लाजून विचारायचे, तुम्ही माझ्याबरोबर नाचाल का, आणि नाचता नाचता तिच्या कानात सांगायचे, घरी सांगू नका हं. तिथं हसू थांबायचं. मी त्या काकाची टिंगल करत नव्हते. माझा त्याच्यावर जीव होता. इतकी वर्षं झाली तरी मला वाटतं, मी केलेल्या कामातलं ते सगळ्यात प्रामाणिक काम.

शेरीसनं अर्धवट झालेली फिल्म कॉलेजमध्ये दाखवली, इतर शिक्षकांच्या कामासोबत. तिथं मंडळातल्या दामले काकूंचा मुलगा होता. त्यानं घरी जाऊन सांगितलं, काकूंनी आईला फोन केला. मी कॉलेजातून आले तर आई जेवणाच्या टेबलाशी रिकाम्या हातांनी बसली होती. आईला रिकाम्या हातांनी बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

‘ती मिशीवाली तू आहेस?’

म्हटलं, हो.

‘नाटकासारखं आहे का ते?’

तिनं मला वाट काढून दिली होती. मी घेतली नाही. सांगितलं, नाटकासारखंही आहे आणि खरंही आहे, आणि मला मुली आवडतात, तेही खरं आहे. बाबा सोफ्यावर होते. त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. बस. वाढवलाही नाही, बंदही केला नाही. आई उठून वर गेली. पुढचे काही दिवस घरात फक्त भांड्यांचे आणि घर तापवणाऱ्या फर्नेसचे आवाज होते. मला वाटलं, ही रुसली आहे, होईल नीट. मी तिला ओळखत नव्हते असंच म्हणायला हवं.

मग एका संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती थालीपीठं थापत होती. ओल्या फडक्यावर पाण्याचा हात लावून थपथप, थपथप. मी विचारलं काही मदत करू का. ती पाठमोरीच म्हणाली, ‘मी कॉलेजला फोन केला होता.’

‘कुणाच्या कॉलेजला?’

‘तुझ्या. त्या शिरीषच्या वरच्या बाई असतात ना, त्यांना. व्यवस्थित इंग्लिशमध्ये बोलले. नाव नाही सांगितलं. एक काळजीत पडलेली आई म्हणून सांगितलं.’

‘काय सांगितलंस?’

‘खरं तेच. की ती कोवळ्या मुलींना बारमध्ये नेते, पुरुषांचे कपडे घालायला लावते आणि त्याचे व्हिडिओ काढते.’

‘तिनं मला काही लावलं नाही, आई. मी गेले. मी एकवीस वर्षांची आहे.’

‘त्यांनीही विचारलं वय. मी म्हटलं, लहान आहे.’

मला तिची सफाई दिसली. प्रत्येक शब्द आधी मनात घोटलेला. मी विचारलं, ‘तिची नोकरी गेली तर तिचा व्हिसा जाईल. तिला देश सोडावा लागेल. तुला माहीत आहे ना?’

आईनं थालीपीठ तव्यावर टाकलं, बोटानं मधोमध भोक पाडलं, त्यात तेल सोडलं. मग माझ्याकडे वळली.

‘माहीत आहे म्हणून तर,’ ती म्हणाली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. तिचं आठवतं. तिचा चेहरा लाल झाला आणि ती म्हणाली, ‘मी सांगतो तुला, मी माझ्या पोरीसाठी काय पण करतो. कुणाला भीत नाही मी.’ सांगतो, करतो. मी तिच्यासमोर उभी राहून ते क्रियापद ऐकत होते. ज्या बाईला एका बोलण्यावरून चारचौघी हसल्या होत्या, जिनं ते स्वतःच्या तोंडातून खरवडून काढलं होतं, ती आता दुसऱ्या बाईला त्याच गोष्टीसाठी विमानात बसवत होती, आणि हे तिच्या लक्षातही येत नव्हतं. वर अलार्म कोकलायला लागला. थालीपीठ करपलं होतं. कुणीच टॉवेल घेतला नाही.

कॉलेजनं चौकशी वगैरे केली नाही. सेमिस्टर संपल्यावर शेरीसचं कंत्राट पुढं चालू ठेवणार नाही, एवढंच कळवलं. कारण दिलं नाही, द्यावं लागत नव्हतं. मी तिच्याकडे जाऊन सांगितलं, फोन कुणी केला ते. तिनं टेपचा रोल बोटात फिरवला. मग विचारलं, ‘तिनं मला शेवटचा डबा दिला, त्याच्या आधी केला की नंतर?’ मी म्हटलं, नंतर. ती म्हणाली, ‘तुझ्या आईला माफ कर असं मी तुला सांगणार नाही. आणि तिच्या वतीनं तू माझी माफी मागू नकोस. त्याचा मला काही उपयोग नाही.’

दिवाळीचा कार्यक्रम त्यानंतर थोड्याच दिवसांनी होता. एका हायस्कूलचा हॉल भाड्यानं घेतलेला, दुपारची वेळ, मागच्या बाजूला श्रीखंडाचे डबे आणि पुऱ्यांचे ट्रे. दरवर्षी सूत्रसंचालन माझ्याकडे असायचं आणि साउंड बाबांकडे. ते मागच्या कोपऱ्यात मिक्सरवर बसायचे, प्रत्येक माइकचा खटका त्यांच्या बोटाखाली. लहान मुलांचा नाच झाला, पडदा पडला, आणि मी बाथरूममध्ये जाऊन उशी बांधली, मिशी चिकटवली. मला इतका राग आला होता की हात अगदी स्थिर होते.

नानासाहेब मंचावर आले आणि हॉल हसण्यानं दणाणला. डेट्रॉइटच्या बारमध्येही एवढं हसू आलं नव्हतं, कारण इथं प्रत्येक शब्द कळत होता. ‘मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे,’ म्हटल्यावर समोरच्या रांगेतल्या अध्यक्षांच्या बायकोनं नवऱ्याला कोपर मारलं. पार्किंग झालं, थाळ्या झाल्या, आठ डॉलर झाले. लोक डोळे पुसत होते. मग नानासाहेबांनी विचारलं, ‘ज्यांच्या घरी, नोकरी जाते की काय म्हणून, कधी ना कधी खोकी भरून ठेवली होती, त्यांनी हात वर करा बघू.’ हसत हसत हात वर झाले. जवळजवळ सगळे. आईचाही.

‘वा,’ नानासाहेब म्हणाले. ‘हात तसेच ठेवा. आता एक आनंदाची बातमी देतो. आपल्या इथं कॉलेजात एक बाई शिकवत होत्या. लांबच्या बेटावरून आलेल्या, एकट्या. त्यांना आपल्या पुरणपोळ्या फार आवडायच्या. त्यांचा गुन्हा असा की त्यांनी बायांना मिशी लावलेलं आणि पुरुषांना लुगडं नेसलेलं नीट, आदरानं बघितलं. आपल्यातल्याच एका घरानं एक फोन केला. फक्त एक. बाईंची नोकरी गेली, व्हिसा गेला. ज्या दोरीला आपण सगळे लोंबकळत होतो ती आपल्याला कापतासुद्धा येते, हे सिद्ध झालं. आपण आता खरे अमेरिकन झालो. टाळ्या वाजवा.’

हात एकेक करून खाली आले. हॉलमध्ये मागच्या बाजूला कुणाचं तरी बाळ तेवढं रडत होतं. मग कुठूनतरी, बहुतेक न कळल्यामुळे, टाळी पडली, आणि तिच्यामागोमाग आणखी काही. मी दुसऱ्या रांगेत बघितलं. दामले काकू मान वळवून आईकडे बघत होत्या, आणि आई टाळ्या वाजवत होती. समोर बघत, हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांनी, एका लयीत, इतरांसारखी.

बाबांनी माइक बंद केला नाही. पुढं अनेकांनी मला सांगितलं की ते त्यांचं मोठेपण. नातेवाईक अजून सांगतात, त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मला ते पटत नाही. फोनच्या वेळीही ते शेजारच्या खोलीत होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि तेव्हाही त्यांनी काहीच बंद केलं नव्हतं. माणूस दिवसभर ब्रेक बनवतो आणि घरी एकदाही लावत नाही, याला मोठेपण म्हणणार असाल तर म्हणा.

पार्किंगमध्ये आई माझ्यामागून चालत आली. मी मिशी काढली नव्हती.

‘माझं नाव नाही घेतलंस,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘का?’

‘ते तू घ्यायचंस.’

ती गाडीत बसली. मी बसले नाही. त्या आठवड्यात मी शेरीसच्या घरी राहायला गेले, तिचं सामान बांधायला लागले, आणि ती गेल्यावर ट्रॉयच्या घरी परत राहायला गेले नाही. फिल्म शेरीसनं त्रिनिदादला पूर्ण केली. नानासाहेब त्यात आहेत. ती पुढं बऱ्याच गावी दाखवली गेली. शेरीसनं नंतर इकडं यायला दोनदा व्हिसा मागितला, दोन्ही वेळा तो नाकारला गेला. मीच तिच्याकडे जाते. एडिटिंगचं जे काम मी आज करते ते तिच्याकडून आलेलं आहे.

आता मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला राहते आणि आई माझ्याकडे असते. बाबा गेल्यावर तिला आणलं. मी तिच्या गोळ्या भरून ठेवते, तिला डॉक्टरकडे नेते, ती माझ्यासाठी अजून भाकरी करते. आम्ही त्या फोनबद्दल बोलत नाही, म्हणजे मी बोलते आणि ती उठून जाते. मागच्या महिन्यात इथल्या मंडळातल्या मृण्मयीचा फोन आला. पुण्याची मुलगी, एका चिप कंपनीत आहे, तरुण कमिटीतली. तिनं फिल्म पाहिली होती. ‘ताई, आपल्या लोकांना हे दाखवायलाच पाहिजे यार,’ ती म्हणाली. आणि फिल्मनंतर काकूंचा, म्हणजे माझ्या आईचा, सत्कार करायचा, शाल-श्रीफळ देऊन. त्या काळात मुलीच्या पाठीशी उभी राहिलेली आई म्हणून. हे तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं. ‘काकूच बोलल्या ना, सीनियर्सच्या पिकनिकला.’

मी फोन ठेवून आईच्या खोलीत गेले. पलंगावर जांभळी पैठणी काढून ठेवलेली होती. मी म्हटलं, ‘तू तिथं उभं राहून सगळं सांगणार असशील तर फिल्म देते. फोन कुणी केला, काय बोललीस, सगळं. नाहीतर नाही.’

‘इतक्या वर्षांनी कशाला ते उकरायचं,’ आई म्हणाली. ‘लोक आता चांगलं म्हणताहेत तर म्हणू दे ना.’

मी मृण्मयीला परत फोन केला आणि जे घडलं ते सांगितलं. ती हळूच म्हणाली, ‘पण ताई, त्या आता किती थकल्यात. त्यांच्या वयाकडे बघून तरी…’

‘शेरीसही आता एकसष्टची आहे,’ मी म्हटलं, आणि कार्यक्रम कॅन्सल करायला सांगितला.